ढोमणे वकील आणि झोपणारी भागीदार

“पोळपाट कोणाचं अन् लाटणं कोणाचं, थे पहिले सांगा. बंगल्याचं मंग पाहू.”

लाकडी पार्टिशनच्या पलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी बाहेरच्या खोलीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते. नोकरी मागायला आले होते. वकिलीची सनद नवी कोरी होती आणि नागपूरच्या सदरमधल्या या ऑफिसात घटस्फोटाच्या गुंतागुंतीच्या केसेस चालतात, एवढंच मला माहीत होतं. आत एक सर्जन आणि त्यांच्या पत्नी होत्या. दोघांच्या मध्ये नर्सिंग होम, बंगला, मोटार आणि काही शेअर्स असं बरंच काही अडकलं होतं. पोळपाटाचं मात्र त्यांना आजवर कोणी विचारलं नसावं. मग सर्जनबाई म्हणाल्या, “पोळपाट माझं. लाटणं यांच्या आईचं.”

“बाप्पा!” आतला आवाज एकदम खूश झाला. “म्हणजे केस मोठी हाये.”

हे ढोमणे वकील. बुटके, गोल, आणि काळा कोट इतका जुना की उन्हात तो हिरवा दिसायचा. त्या कोटाच्या खिशात उन्हाळाभर एक कांदा असे. ऊन लागू नये म्हणून नागपुरात पुष्कळ लोक कांदा बाळगतात, पण तो घेऊन उलटतपासणीला उभे राहणारे हे एकटेच असावेत. एकदा रुमाल काढताना तो कांदा खिशातून निसटला आणि घरंगळत थेट न्यायाधीशांच्या चौथऱ्यापाशी गेला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “मिस्टर ढोमणे, हा पुरावा म्हणून दाखल करायचा आहे का?” ढोमणे म्हणाले, “नाही मिलॉर्ड. हा माझा साक्षीदार आहे. जरा आधीच आला.”

माझी मुलाखत अशी झाली.

“शाळा कोणती?”

“कॉन्व्हेंट.”

“मराठी येते?”

“येतं. घरी बोलतो आम्ही.”

“भांडण कोणत्या भाषेत करते?”

“मी भांडत नाही.”

त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. “डायव्होर्सच्या वकिलाकडे नोकरी मागाले आली अन् भांडत नाही! ठीक हाये. इथं एक तरी माणूस न भांडणारा पाहिजेच. उद्यापासून ये वं, कॉन्व्हेंट.”

माझं नाव सुजाता मेश्राम. ते त्यांनी अर्जावर वाचलं होतं, पण पहिल्या दिवसापासून मी ‘कॉन्व्हेंट’ झाले ती कायमची. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ठरवून टाकलं होतं की आपली मुलं इंग्रजीत शिकतील आणि कोणापुढे मान खाली घालणार नाहीत. पहिला अर्धा भाग मी नीट पार पाडला होता. दुसऱ्या भागात मान खाली नव्हती, पण तोंडही उघडत नव्हतं. माझं डोकं आधी इंग्रजीत चालायचं, मग ते मराठीत उतरायचं, आणि ते उतरेपर्यंत समोरचा माणूस विषय बदलून मोकळा झालेला असायचा.

ढोमण्यांचं याच्या अगदी उलट होतं. कोर्टात ते असं इंग्रजी बोलत की दुसऱ्या पक्षाचा वकीलही लिहून घ्यायचा. ऑफिसात पाऊल टाकलं की मात्र निव्वळ वऱ्हाडी. मी एकदा धीर करून कारण विचारलं. म्हणाले, “इंग्रजीत माणूस खोटं बोलते, पुण्याच्या मराठीत चिडते, अन् आपल्या बोलीत खरं सांगून टाकते. मले खरं पाहिजे. खोटं मी माह्यं माह्यं तयार करतो.”

घटस्फोट हा शब्द त्यांना आवडत नसे. “गरिबाची सोडचिठ्ठी, शेतकऱ्याची काडीमोड, व्यापाऱ्याची फारकत, अन् तुमच्या कॉन्व्हेंटवाल्यांचा डायव्होर्स. माल एकच. पॅकिंग वेगळं.” नुकताच कायदा बदलला होता आणि नवरा-बायकोला परस्परसंमतीने वेगळं होता येऊ लागलं होतं. बाररूममधल्या पुष्कळांना धंदा बसण्याची काळजी लागली होती. ढोमणे म्हणत, “लग्नाच्या वेळी तरी कोणी विचारली होती यांची संमती? आता कुठं बिचारे पहिल्यांदा एकमत करून राहिले. करू द्या ना.”

त्यांच्या खोलीत अशिलांसाठी एकच बाक होता आणि तो सुताराकडून मुद्दाम कापून आखूड करून घेतलेला होता. दोन माणसं बसली की खांद्याला खांदा लागलाच पाहिजे. नवरा-बायको पहिल्यांदा आली की आधी उभ्यानेच भांडत, मग पाय दुखले की बसत, आणि बसली की आवाज आपोआप खाली येई. कारण इतक्या जवळून कोणालाच ओरडता येत नाही. एका बँकेतल्या जोडप्याबरोबर सासूबाईही आल्या आणि हट्टाने दोघांच्या मधे बसल्या. बाकाने आपलं काम केलं. सासूबाई सरकत सरकत गेल्या आणि धपकन खाली बसल्या. त्यांना उठवायला दोघं एकदम धावली, दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, आणि सून खुदकन हसली. तिच्या पाठोपाठ नवराही हसला. ती दोघं एकाच रिक्षाने घरी गेली. सासूबाई दुसऱ्या रिक्षाने. ढोमणे दारात उभे राहून ओरडले, “फी वापस भेटणार नाही हं!”

पोळपाट-लाटण्यामागेही त्यांचा एक सिद्धांत होता. त्यांच्या मते बंगला, शेती, शेअर्स हे सगळं वरवरचं. प्रत्येक केसमध्ये कुठेतरी एक छोटी गाठ असते. ती सापडली की बाकीचं सूत आपोआप सुटतं, आणि ती सापडली नाही तर सुप्रीम कोर्टात जाऊनही सुटत नाही. म्हणून ते स्वयंपाकघरापासून सुरुवात करून खोली खोली फिरत. सर्जन आणि सर्जनबाईंची गाठ दिवाणखान्यात निघाली. बाई संध्याकाळी रेडिओवर गाणी ऐकत आणि डॉक्टर घरात शिरले की जोडे काढायच्या आधी रेडिओ बंद करत. लग्न झाल्यापासून. डॉक्टरांना हे आठवतही नव्हतं. ढोमण्यांनी तडजोडीत पहिलं कलम रेडिओचं घातलं, आणि नर्सिंग होमचा निकाल त्याच आठवड्यात लागला.

“गाठ सापडली का वं?” असं ते मला रोज विचारत. मला सापडली तरी मी “नाही सर” म्हणायची. बोलायला लागलं असतं.

ते ऑफिसच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. पत्नी जाऊन काही वर्षं झाली होती. साऱ्या शहराच्या नवरा-बायकोंबद्दल बोलणारा हा माणूस तिच्याबद्दल मात्र कधी बोलत नसे.

विमलबाई बोंद्रे आल्या तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. काटोलचे संत्र्याचे व्यापारी शेषराव बोंद्रे हे त्यांचे यजमान. शेषरावांनी अमरावतीला दुसरं घर केलं होतं. आता त्यांना रीतसर फारकत पाहिजे होती आणि विमलबाईंचीही ना नव्हती. “जाऊ द्या त्याले,” त्या म्हणाल्या. “मले माह्यं छप्पर भेटलं म्हणजे झालं.” त्या नागपुरातच नंदनवनमधल्या घरात राहत होत्या आणि ते घर शेषरावांच्या नावावर होतं. माहेरी फक्त भाऊ होता आणि भावजयीने आधीच निरोप पाठवला होता की खोली रिकामी नाही.

ढोमण्यांनी सगळे कागद चाळले आणि हात चोळले. बोंद्र्यांच्या फर्ममध्ये विमलबाई अर्ध्या भागीदार होत्या. इन्कम टॅक्स कमी बसावा म्हणून शेषरावांनी पूर्वी केलेली ही व्यवस्था.

“आता पाह्य वं, कॉन्व्हेंट,” ढोमणे मला समजावू लागले. “शेषराव म्हणते, ही भागीदारी खोटी, तं इन्कम टॅक्सवाले याच्या दारात. थो म्हणते, खरी, तं अर्धा धंदा बायकोचा. बिचारा स्वतःच्याच कागदात अडकला.”

अडकलेल्या शेषरावांनी लवकरच तडजोड मान्य केली. नंदनवनचं घर विमलबाईंना, धंदा शेषरावांना, आणि विमलबाईंनी मागचा हिशेब विचारायचा नाही. शेषरावांच्या वकिलांनी मसुदा पाठवला. ढोमणे कोर्टात जायच्या घाईत होते. मला म्हणाले, “यायले मराठीत वाचून दाखव अन् सही घेऊन ठेव.”

मी वाचू लागले. घराचं कलम झालं, हिशेबाचं झालं. पुढच्या कलमात विमलबाई या पहिल्यापासून फर्मच्या ‘स्लीपिंग पार्टनर’ होत्या असं लिहिलं होतं. याला मराठीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. इंग्रजीतून मराठीत उतरताना माझा पाय घसरला.

“विमलबाई या फर्ममध्ये पहिल्यापासून झोपणाऱ्या भागीदार होत्या.”

विमलबाईंनी पदर सावरला. “काय होती मी?”

“झोपणाऱ्या… भागीदार.”

“कोण म्हणते?”

“त्यांचे वकील. म्हणजे, कायदाच म्हणतो तसं.”

“कायदा आला होता का वं पाहाले?” विमलबाई उभ्याच राहिल्या. “मी कधी झोपली? बाजार भरायच्या आंधी उठून माल निवडाले मी. पेट्या भराले मी. दिल्लीवाल्या दलालाशी तोंड वाजवाले मी. अन् हा माणूस बैलाच्या बंडीत धोतर तोंडावर घेऊन घोरे! झोपणारा भागीदार थो होता. त्याचं नाव लिव्हा तिथं!”

मी पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं नाही.

ढोमणे परत आले तेव्हा विमलबाईंनी सगळं पुन्हा सांगितलं, बंडीतल्या घोरण्यासकट. ढोमणे इतके हसले की त्यांना बाकावर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, “अवं बाई, ह्या पोरीनं इंग्रजी शब्दाले नऊवारी नेसवून दिली. झोपायचा काही संबंध नाही. त्याचा अर्थ निष्क्रिय भागीदार. म्हणजे नाव कागदावर, काम काही नाही.”

“हे तं झोपण्याहूनही खराब झालं,” विमलबाई म्हणाल्या.

ढोमण्यांचं हसू थांबलं.

“झोपलेला माणूस उठते तरी,” विमलबाई म्हणाल्या. “काम काही नाही म्हणजे मी नव्हतीच म्हणा ना. थे वाक्य काढा. नाही तं मी सही करत नाही.”

गाठ सापडली होती, माझ्या चुकीमुळे का होईना. मला वाटलं, ढोमणे आता टाळी देतील. पण ते वैतागले. वाक्य काढायचं तर शेषराव बिथरणार, तडजोड मोडणार, केस वर्षानुवर्षं चालणार, आणि तोवर विमलबाईंना घराबाहेर काढण्यापासून शेषरावांना कोण अडवणार?

“बाई, वाक्यात राहता येत नाही. घरात राहता येते,” ते म्हणाले.

“मी राहीन कुठंही.”

“कुठं?”

विमलबाईंनी मसुदा टेबलावर परत सारला, आणि सही केली नाही ती नाहीच.

मग शेषरावांना आणि त्यांच्या वकिलांना बोलावलं. मे महिना होता. तडजोडीच्या बैठकीत ढोमणे कूलर बंद ठेवत. नागपूरच्या उन्हात कोणाचाही ताठा फार वेळ टिकत नाही असा त्यांचा अनुभव होता. शेषराव टेरिलीनचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि पाच मिनिटांत तो पाठीला चिकटला. बाकावर दोघं खांद्याला खांदा लावून बसली, भिंतीकडे पाहत. मी कोपऱ्यात टाइपरायटरमागे.

“माल निवडला असंल हिनं कधी,” शेषराव म्हणाले. “बायका घरात पापडही करतात. म्हणून काय पापडाची फॅक्टरी झाली काय?”

“दिल्लीवाला तुमच्याशी बोले का माह्याशी?” विमलबाई भिंतीला म्हणाल्या.

“थो तुले वहिनी म्हणे म्हणून बोले.”

“अन् भाव कोण ठरवे?”

शेषराव आपल्या वकिलाकडे वळले. “साहेब, वाटल्यास पैसे जास्त द्या तिले. पण थे वाक्य राहू द्या. उद्या काटोलच्या बाजारात लोक म्हणतील, बोंद्रेचा धंदा बायकोनं उभा केला.”

“म्हणतीलच,” विमलबाई म्हणाल्या. “पाह्यलं हाये ना त्यायनं.”

शेषरावांच्या वकिलांनी फाईल बंद केली. “ढोमणेसाहेब, तुमच्या अशिलाला घर नको असेल तर आम्ही उठतो.”

विमलबाईंची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती. आवाज चढवून त्या जे झाकत होत्या ते बोटांत दिसत होतं. ते उठले असते तर घर गेलंच होतं.

आता ढोमणे काहीतरी तिरकस बोलतील आणि वेळ मारून नेतील, असं मला वाटलं. ते खिडकीशी गेले आणि तिथून शेषरावांनाच म्हणाले, “काहून गा शेषराव, तुमच्या बाजारात मले कोणी ओळखते का?”

“नाही, साहेब.”

“मंग तिथं सांगू नका. माह्यी बायको मास्तरीण होती. मी वकिली सुरू केली तं पहिले सात वर्षं एक मोठी केस नाही. हा कोट, हे टेबल, हे ऑफिसचं भाडं, सारं तिच्या पगारावर. अन् लोक विचारत, मिसेस नोकरी काहून करतात? मी म्हणो, काही नाही हो, घरी करमत नाही तिले, म्हणून जाते शाळेत.”

शेषरावांचे वकील हसले. ढोमणे हसले नाहीत.

“एकदा तिच्यासमोरच म्हटलं. चार वकील बसले होते, ती चहा घेऊन आली होती. कप ठेवले अन् आत गेली. काही बोलली नाही. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मरेस्तोवर नाही.” ते टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होते. “माह्यं नाव झालं, पैसा आला, तिनं नोकरी सोडली. आता सांगून टाकू, आता सांगून टाकू म्हणता म्हणता ती गेली. आता मी सांगाले तयार हावो, शेषराव. साऱ्या सदरमध्ये ओरडून सांगतो. पण ज्या माणसाले आयकायचं होतं थे माणूस कुठं हाये?”

ढोमण्यांनी बाकाकडे बोट केलं.

“तुमचं बरं हाये,” ढोमणे म्हणाले. “तुमचं माणूस तुमच्या खांद्याले खांदा लावून बसलं हाये. धंद्यावरचा हक्क सोडून राहिली ती. केलेलं काम काहून सोडावं तिनं?”

शेषरावांनी रुमालाने मान पुसली. बाजूला न पाहता म्हणाले, “दिल्लीवाला मागच्या साली विचारत होता. वहिनी कुठं गेली म्हणून.”

“मंग? काय सांगितलं?” विमलबाईंनी विचारलं.

“काय सांगू? म्हटलं, गेली.” आणखी एकदा मान पुसून झाली. “त्यानं माल नाही घेतला.”

विमलबाईंच्या बोटांचा चाळा थांबला होता.

“लिव्हा, साहेब,” शेषराव म्हणाले. “लिव्हा काय लिव्हायचं थे. पण बाजारात वाचून दाखवू नका म्हणा तिले.”

त्यांच्या वकिलांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण शेषरावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

ढोमणे माझ्याकडे वळले. मी कागद चढवला. तासन्तास न थांबता, एक स्वल्पविरामही न चुकवता मजकूर सांगणारा हा माणूस. ‘दॅट द सेड विमलबाई,’ एवढं त्यांनी कोर्टाच्या इंग्रजीत सांगितलं आणि थांबले. पुन्हा तेवढंच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, आणि मला दिसलं की आता पुढचा शब्द येणार नाही.

“तू सांग वं, सुजाता,” ते म्हणाले. “मराठीत सांग. यायले समजलं पाहिजे.”

चौघंही माझ्याकडे पाहू लागली. माझ्या डोक्यात त्या वेळी इंग्रजी काहीच आलं नाही. मी किल्ल्यांवरचे हात खाली घेतले आणि, टाइप करायच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “हा धंदा शेषराव आणि विमलबाई या दोघांनी मिळून उभा केला.”